आधी तांबं बाहेर, मग क्लोरीन आत: घरच्या स्विमिंग पूलच्या नोंदी

२ मार्च, रविवार

आई पोहून बाहेर आली, केस पुसून उन्हात बसली आणि मला तिच्या पांढऱ्या केसांत हिरवी झाक दिसली. आधी वाटलं टॉवेलचा रंग उतरला असेल. जवळ जाऊन कानामागची बट बोटांत धरली. तिथले केस सगळ्यात पांढरे आहेत आणि तिथेच रंग सगळ्यात ठळक. ती म्हणाली, "दोन वेळा धुतले गं, जात नाही."

याचं खापर नेहमी क्लोरीनवर फुटतं. पण आमच्या पाण्यात क्लोरीन जवळजवळ नाहीच. केस हिरवे करतं ते तांबं, केसांतल्या प्रथिनांना ते चिकटून बसतं. काळ्या केसांत दिसत नाही एवढंच. म्हणजे माझ्या केसांतही ते असणार.

पूल बांधून चार वर्षं झाली. पांढरं प्लास्टर, वाळूचा फिल्टर, आणि फिल्टरच्या पुढे पाइपातच बसवलेलं खनिज कार्ट्रिज. त्यात तांबं आणि चांदी लावलेले बारीक खडे असतात. पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि दोन्ही धातू आयनांच्या रूपात थोडे थोडे पाण्यात उतरतात. तांबं शेवाळ धरू देत नाही, चांदी जिवाणूंवर काम करते. दर सहा महिन्यांनी कार्ट्रिज बदलायचं, आठवड्यातून एकदा क्लोरीन नसलेली शॉक पावडर (पाण्यातली घाण जाळणारी पूड) टाकायची, झालं. बसवणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की क्लोरीनची गरजच नाही. आज सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलंय, पाण्यात ०.५ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) क्लोरीन कायम ठेवा. चार वर्षांत आम्ही ते एक दिवसही ठेवलेलं नाही.

सकाळी ९ ची मोजणी: पीएच ७.९. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) १३०. कॅल्शियम काठिण्य २४०. सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हात टिकवणारं) शून्य. फ्री क्लोरीन (कामाला मोकळं असलेलं) ०.२. संयुक्त क्लोरीन (घाणीशी जोडून खर्ची पडलेलं) ३. तांबं ०.८ पीपीएम.

संयुक्त क्लोरीनचा आकडा कळत नाही. जिथे क्लोरीनच नाही तिथे संयुक्त तीन कुठून येईल?

तांब्याचा आकडा मात्र कळतो. ०.३ च्या पुढे गेलं की प्लास्टरवर डाग पडायची भीती असते. उथळ बाजूच्या दुसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा निळसर हिरवा डाग आहे, कडेने करडा. इतके दिवस मी तो शेवाळ समजून घासत होते. ब्रशने हलत नाही, बोटाला बुळबुळीत लागत नाही. शेवाळ असतं तर दोन्ही झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात पाणी दोनदा हिरवं झालं तेव्हा शेवाळाचं औषध ओतलं होतं. तो डबा आज शोधून काढला. मुख्य घटक: मोरचूद. म्हणजे तांब्याने शेवाळ आवरलं नाही म्हणून मी वर आणखी तांबंच ओतलं. तांबं उडून जात नाही की उन्हात विरत नाही. पाण्याची वाफ होते, आपण नवीन पाणी भरतो, तांबं आहे तिथेच राहतं.

३ मार्च

आज फक्त हिशोब. टेपने मोजलं: आठ मीटर बाय चार मीटर, खोली एक मीटरपासून एक मीटर ऐंशीपर्यंत. उतार सरळ आहे, म्हणून सरासरी १.४ धरली. ८ × ४ × १.४ = ४४.८ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर.

हा आकडा फिल्टरच्या झाकणावर आतून लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं यावर चालणार. १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. आमच्या पूलसाठी १ पीपीएम = ४५ ग्रॅम. त्या हिशोबाने आत्ता पाण्यात ३६ ग्रॅम तांबं विरघळलेलं आहे. ओंजळीत धरलं तर वजन जाणवणार नाही, पण पायरी रंगवायला आणि आईचे केस रंगवायला ते पुरलं.

५ मार्च

संयुक्त क्लोरीनचं कोडं सुटलं. क्लोरीन नसलेली शॉक पावडर म्हणजे पोटॅशियम मोनोपर्सल्फेट. क्लोरीन मोजायची जी गुलाबी रंगाची चाचणी असते, तिला हे रसायन संयुक्त क्लोरीनसारखंच दिसतं. मी १ तारखेला पावडर टाकली होती आणि २ तारखेला मोजलं. आता ती पावडर बंद. ती पाण्यात असेपर्यंत संयुक्त क्लोरीनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरा प्रयोग बादलीत केला. आज क्लोरीन ओतून टाकावं असं मनात होतं, पण ४५ हजार लिटरवर करण्याआधी दहा लिटरवर करून पाहावं म्हटलं. पांढऱ्या बादलीत पूलचं दहा लिटर पाणी घेतलं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने १.२ मिलीलिटर द्रव क्लोरीन घातलं. द्रव क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आमचं दहा टक्क्यांचं आहे, म्हणजे लिटरमध्ये १०० ग्रॅम. दहा लिटरला १.२ मिली म्हणजे १२ पीपीएम. संध्याकाळी सहाला झाकून ठेवलं.

६ मार्च

बादलीचं झाकण काढलं. काल नितळ असलेलं पाणी हिरवट दिसत होतं, आणि बादली हळूच कलती केली तर तळाशी बारीक गडद कणांची एक रेघ सरकली. बोट फिरवलं तर बोटाच्या टोकाला करडा डाग.

हेच प्लास्टरवर झालं असतं, ३२ चौरस मीटर तळ आणि शिवाय भिंती. हायपोक्लोराइट स्वतः अल्कधर्मी असतं, ओतलं की तिथला पीएच वर जातो आणि पाण्यात विरघळलेलं तांबं पाण्याबाहेर पडून पृष्ठभागावर बसतं. ही बादली पाहिली नसती तर काल रात्री मी पाच लिटर ओतून मोकळी झाले असते. ज्यांना खनिज प्रणाली सोडून क्लोरीनवर यायचं आहे त्यांनी बाकी काही केलं नाही तरी ही बादली करावी. एका रात्रीत कळतं की आपल्या पाण्यात धातू आहे का आणि तो कसा वागणार आहे.

तेव्हा क्रम असा ठरला: आधी तांबं बाहेर, मग पीएच खाली, मग क्लोरीन.

७ मार्च

दादाने फोनवर विचारलं, "चार वर्षं काही झालं नाही ना? मग बदलायचं कशाला?" त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते.

तांबं आणि चांदी जंतू मारतात हे खरं, पण सावकाश, काही वेळा तासांच्या हिशोबाने. पूलमध्ये प्रश्न मिनिटांचा असतो. एकाच्या अंगावरून पाण्यात आलेलं दुसऱ्याच्या तोंडात जायला किती वेळ लागतो? मुलं एकमेकांवर पाणी उडवत असतात. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचे आकडे आहेत: १ पीपीएम फ्री क्लोरीन, पीएच ७.५, तापमान २५ अंश असेल तर ई. कोलाय एका मिनिटाच्या आत निकामी होतो, हिपॅटायटिस एचा विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया हा जुलाबाचा परजीवी सुमारे ४५ मिनिटांत. क्रिप्टोस्पोरिडियम हा दुसरा परजीवी मात्र १५,३०० मिनिटं टिकतो, म्हणजे साडेदहा दिवस. त्यामुळे ज्याचं पोट बिघडलंय त्याने पाण्यात उतरायचं नाही हा नियम क्लोरीन असलं तरी राहतोच.

दुसरं काम आहे जाळण्याचं. घाम, तेल, त्वचेचे कण, सनस्क्रीन हे सगळं पाण्यात साठत जातं. धातूंचे आयन त्याला हात लावत नाहीत. ते ऑक्सिडीकरणानेच संपतं. आठवड्यातून एकदा टाकलेली पावडर ते थोडं करत होती, पण रोजच्या रोज काहीच होत नव्हतं.

आई ७१ वर्षांची आहे आणि गुडघ्यांसाठी रोज पाऊण तास पाण्यात असते. सुट्टीत दादाची दोन्ही मुलं येतात. पाणी नितळ दिसतं म्हणून मी आजवर निश्चिंत होते. नितळपणाने पाण्यातल्या जंतूंबद्दल काही कळत नाही.

दादा म्हणाला, "बरं, शनिवारी येतो. पाइप मी कापतो, तू हात लावू नकोस."

८ मार्च

दादा आला. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, कार्ट्रिजच्या नळकांड्याचं झाकण उघडलं. आतलं पाणी बादलीत घेतलं तर वास कोंदट, ओल्या पोत्यासारखा. कार्ट्रिजची जाळी मी काढली. खड्यांवर हिरवट पापुद्रा होता. पण माझं लक्ष नळकांड्याच्या आतल्या भिंतीकडे गेलं: बोट फिरवलं तर बुळबुळीत, पारदर्शक थर सोलून निघाला. जिवाणूंचा थर. तांबं-चांदी जिथून सुटतं त्याच नळकांड्यात.

ते मधून काढून टाकलं, दादाने सरळ पाइपाचा तुकडा घातला आणि दोन्ही टोकांना युनियन (फिरवून सुटणारे जोड) बसवले, म्हणजे पुढे कधी काही बसवायचं झालं तर परत कापावं लागणार नाही. सोल्व्हंट सिमेंट नीट वाळायला उद्यापर्यंत पंप बंद. जुनं कार्ट्रिज धातू आहे म्हणून वेगळ्या पिशवीत बांधलं, बागेच्या कचऱ्यात टाकायचं नाही.

९ मार्च, रविवार

पाणी काढायचं. पूर्ण रिकामं करायचं नाही हे पक्कं. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकाम्या पूलचं कवच खालच्या दाबाने उचललं जातं, तडकतं. आतलं पाणीच त्याला खाली दाबून धरत असतं. शिवाय प्लास्टर उन्हात वाळून भेगा पडतात त्या वेगळ्या.

आधी अर्धं काढायचं, भरायचं, मग एक तृतीयांश काढायचं, भरायचं. ०.८ चं अर्धं ०.४, त्याचं दोन तृतीयांश ०.२७ च्या आसपास. भरण्याच्या पाण्यात तांबं आहे का तेही आधी तपासलं: शून्य. हे तपासलं नसतं तर सगळी मेहनत वाया जाण्याचा धोका होता.

बुडीत पंपाने ७० सेंटीमीटर उतरवलं. पाणी कुठे सोडायचं यावर थोडा वेळ गेला, कारण सोयीचा उतार बागेकडून ओढ्याकडे जातो. पण तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं. आपल्या पिण्याच्या पाण्यात २ पीपीएमपर्यंत चालतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मासे त्याच्या कितीतरी कमी तांब्याने मरतात. म्हणून लांब नळी जोडून मैलापाण्याच्या वाहिनीत सोडलं. तसं करायला आपल्याकडे परवानगी लागते का ते ज्याने त्याने आधी विचारून घ्यावं.

१० मार्च

पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा लक्षात आलं की डाग काढायची हीच वेळ. पाण्याखाली काढला तर सुटलेलं तांबं परत पूलमध्येच विरघळणार. आत्ता काढला तर जे काही ओघळेल ते पुढच्या उपशात बाहेर जाईल.

आधी खात्री केली. डागाच्या एका टोकाला क जीवनसत्त्वाची गोळी दाबून धरली, अर्धा मिनिट. लोखंडाचा डाग असता तर तिथे पांढरं पडलं असतं. काही फरक नाही. दुसऱ्या टोकाला ओल्या फडक्यात सायट्रिक ॲसिडची पूड बांधून धरली. फडकं काढलं तर त्याच्याएवढाच गोल उजळ झाला होता आणि फडक्याला निळसर छटा आली होती. तांबंच.

हातमोजे घालून कोमट पाण्यात पूड विरघळवली आणि स्पंजने थोडं थोडं लावलं. एका वेळी एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि लगेच धुवायचं, कारण आम्ल सिमेंटच्या प्लास्टरलाही खातं. सात-आठ वेळा केल्यावर डाग गेला, करडी कड थोडी राहिली. त्यापुढे मी गेले नाही. प्लास्टर खरखरीत झालं तर पुढे शेवाळ तिथेच आधी धरेल.

भरायला नळ सोडला. मिनिटाला वीस लिटर, साडेबावीस हजार लिटर, म्हणजे एकोणीस तास.

१३ मार्च

दुसरा उपसा आणि दुसरी भरती झाली. पंप आठ तास फिरवला आणि मोजलं.

पीएच ७.८. अल्कलिनिटी १००. काठिण्य १६०. तांबं ०.२ आणि ०.३ च्या मधला रंग. संयुक्त क्लोरीन शून्य.

हिशोबाशी इतकं जुळलं की मी तांब्याची चाचणी पुन्हा करून पाहिली. तेच आलं.

१४ मार्च

पीएच ७.२ वर आणला. हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा लिटर, पंप चालू असताना, पाणी आत येतं त्या तोंडासमोर, बारीक धारेने. चार तासांनी मोजलं, पुन्हा थोडं घातलं. एकूण लिटरभर लागलं. चष्मा आणि हातमोजे घातले होते, आणि वारा पाठीमागून येतोय ना हे बघून उभी राहिले.

पीएच आत्ताच खाली आणायचं आणखी एक कारण आहे. क्लोरीन दहाच्या वर गेलं की पीएचची लाल रंगाची चाचणी खोटा, चढा आकडा दाखवते. पुढचे काही दिवस पीएच मोजता येणार नाही, म्हणून तो आधीच नीट करून ठेवायचा.

उरलेल्या तांब्यासाठी धातू धरून ठेवणारं द्रव्य घातलं, फॉस्फोनेटवालं. ते तांबं काढत नाही, फक्त पाण्यात विरघळलेलं ठेवतं, आणि क्लोरीनने ते हळूहळू तुटतं. कायमचा इलाज नव्हे.

ॲसिडचा कॅन पंपघराच्या बाहेर, दक्षिणेच्या भिंतीशी. क्लोरीनचे कॅन उत्तरेला, सावलीत. मापाची भांडी वेगळी, त्यांवर रंगाने मोठी खूण. या दोन्हींचे चार थेंब एका भांड्यात आले तरी क्लोरीन वायू सुटतो. यात घाई चालत नाही.

१६ मार्च, रविवार

सायन्युरिक ॲसिड. याला स्टॅबिलायझर म्हणतात. उघड्या पाण्यातलं क्लोरीन कडक उन्हात दोन तासांत बहुतेक सगळं संपतं, हे त्याला आवरून धरतं. आम्हाला ३० पीपीएम हवं: ४५ × ३० = १,३५० ग्रॅम. जास्त घातलं तर क्लोरीन इतकं जखडलं जातं की काम मंदावतं, आणि मग पाणी उपसण्याखेरीज उपाय नाही. म्हणून तीसच.

ते विरघळायला फार वेळ घेतं. जुन्या मोज्यात भरून पाणी आत येतं त्या तोंडासमोर टांगलं आणि येता-जाता पिळत राहिले. दुपारपर्यंत मोजा अर्धा झाला, रात्री रिकामा. चाचणीत ते लगेच दिसत नाही, आठवडा जातो. तोवर ते आहे असं धरून चालायचं.

बादलीचा प्रयोग परत केला: नवं पाणी, तेच १.२ मिली.

१७ मार्च

बादली नितळ. तळ पांढरा. बोट फिरवलं, काही नाही. संध्याकाळी क्लोरीन.

१ पीपीएमला ४५० मिली, १२ पीपीएमला ५.४ लिटर. सात वाजता, ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून हळूहळू ओतलं आणि नंतर भिंती घासल्या. आठ वाजता मोजलं: फ्री क्लोरीन १२.

१८ मार्च

सकाळी साडेसहा, ऊन यायच्या आत: फ्री क्लोरीन ४.५, संयुक्त २.

रात्री ऊन नसतं, म्हणजे हे साडेसात पीपीएम पाण्यातल्या घाणीनेच खाल्लं. साडेसात गुणिले ४५, जवळजवळ ३४० ग्रॅम क्लोरीन एका रात्रीत. आणि हे दोन तृतीयांश पाणी बदलल्यानंतर! चार वर्षं जे जळलं नव्हतं ते पाइपांत, वाळूत, फटींत बसलेलं होतं.

परत बारावर नेलं. दुपारी सातवर आलं होतं, परत बारा. आठवडाभर हेच करायचं: मोजायचं, बारावर न्यायचं, घासायचं.

पाणी दुधाळ झालंय. आई काठावर येऊन म्हणाली, "आधी बरं होतं की गं." मला वाईट वाटलं, पण मेलेलं शेवाळ फिल्टर व्हायला वेळ लागतो.

१९ मार्च

रात्रीत फ्री क्लोरीनची घट ४ पीपीएम. फिल्टरचा दाब चढला, बॅकवॉश केला, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुतली. काचेतून आधी करडं-हिरवं पाणी गेलं, तीन मिनिटांनी स्वच्छ.

२० मार्च

घट २.५.

२१ मार्च

घट २.५. पाणी जवळजवळ नितळ, पण आकडा हलत नाही. कुठेतरी काहीतरी जिवंत आहे.

शिडीच्या पायांवरच्या टोप्या उघडल्या: थोडा गाळ, धुतला. स्किमरचं (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या खोबणीचं) झाकण खालून घासलं. मग दिव्याकडे लक्ष गेलं. मेन स्विच बंद करून, तो बंद आहे याची दुसऱ्यांदा खात्री करून, दादाला फोनवर ठेवून दिवा कोनाड्यातून काठावर घेतला. केबल तेवढी लांब असते. कोनाड्यात हात घातला आणि मनगटापर्यंत शेवाळात गेला. गडद हिरवं, जेलीसारखं, ओंजळभर. तिथे पाणी फिरत नाही, ऊन येत नाही, ब्रश पोहोचत नाही. काढताना ते ढग होऊन पाण्यात पसरलं आणि तासाभरात सगळं परत धूसर झालं.

दिव्याच्या मागची बाजूही घासली. बारावर नेलं. पंप रात्रभर.

२२ मार्च

घट १.५.

२३ मार्च, रविवार

घट १. संयुक्त ०.५. सायन्युरिकची चाचणी केली: उन्हाकडे पाठ करून नळी कमरेशी धरायची आणि वरून काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत द्रावण भरत जायचं. ३० च्या रेषेवर ठिपका गेला.

२४ मार्च

घट ०.५. संयुक्त ०.५ च्या आत. खोल बाजूच्या तळाचा स्क्रू काठावरून दिसतो, त्याच्या खाचेसकट. आता क्लोरीन आपोआप खाली येऊ द्यायचं.

प्लास्टरचा कोपरा न् कोपरा पाहिला. नवा डाग एकही नाही.

२६ मार्च

फ्री क्लोरीन ४, पीएच ७.५. आई पाण्यात उतरली. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "क्लोरीन घातलंस ना? वासच नाही." वास येतो तो संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे घाम-लघवीशी जोडून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा. ज्या पूलला उग्र वास येतो तिथे बहुधा क्लोरीन कमी पडलेलं असतं.

३० मार्च, रविवार

दादा म्हणतो, रोज ओतायचं कशाला, टिकल्या टाक. टिकल्या म्हणजे ट्रायक्लोर. त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही येतं: १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम. आमचा रोजचा खर्च अडीच पीपीएम आहे. महिन्याभरात ७५ क्लोरीन म्हणजे ४५ सायन्युरिक, तीसचं पंच्याहत्तर. तांब्याचं जे झालं तेच वेगळ्या नावाने सुरू होईल: साठत जाणारं आणि उपसल्याशिवाय न निघणारं. चार दिवस बाहेरगावी गेलो तर टिकल्या ठीक. एरवी द्रव. आणि टिकल्यांच्या डब्याजवळ कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड कधीही ठेवायची नाही, ही दोन एकत्र आली तर पेट घेतात, स्फोट होतो.

रोजचं आता असं: संध्याकाळी मोजणी, साधारण लिटर-सव्वा लिटर क्लोरीन, पाणी आत येतं त्या तोंडासमोर. कॅनवर आणल्याची तारीख, कारण उष्णतेने द्रव क्लोरीनचा जोर कमी होत जातो. एकाच वेळी तीनपेक्षा जास्त कॅन आणायचे नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

तांबं ०.२. पायरीवरची करडी कड आहे तशीच, वाढलेली नाही. आईच्या केसांचा मुळाकडचा नवा भाग पांढराशुभ्र आहे, हिरवी टोकं ती पुढच्या महिन्यात कापून घेणार म्हणते.

मुलं आली आहेत. दुपारी चौघं पाण्यात होती, अडीच तास. संध्याकाळी सहाला फ्री क्लोरीन १.५ वर आलं होतं, इतकं खाली महिन्यात प्रथमच. सव्वा लिटर घातलं, सात वाजता ४. उद्यापासून मुलं असेपर्यंत दुपारीही एकदा मोजायचं.

वहीत लिहीत होते तेव्हा आई टॉवेल घेऊन काठावर उभी होती. "किती आलं गं?"

"चार."

"मग उतरते," म्हणाली आणि कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला.